एक गळा, दोन सूर

चला, पैज लावू या. एकाच दमात, एकाच वेळी दोन वेगवेगळे सूर गाऊन दाखवा. खालचा ‘सा’ चालू असतानाच त्याच तोंडातून वरचा ‘ग’ही यायला हवा. मित्राची मदत घ्यायची नाही, पेटीला हात लावायचा नाही आणि मोबाइलवर दोनदा रेकॉर्ड करून जोडाजोडी तर मुळीच करायची नाही.

काय म्हणता, शक्यच नाही? काहून बाप्पा? जगात काही माणसांना हे अगदी सहज जमतं. त्यांच्यापैकी काही जण तर आपल्याच देशात राहतात.

नागपुरात थंडी पडू लागली की तिबेटी लोक स्वेटरं विकायला बसतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. आई भाव पाडत असते, आपण टोपी घालून बघत असतो. पण ही माणसं इकडे कशी आली, हे विचारायचं राहूनच जातं. १९५९ नंतर तिबेटमधून हजारो लोक घरदार सोडून भारतात आले आणि देशभर त्यांच्या वसाहती झाल्या. एक वसाहत आपल्या विदर्भातच आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे ना, तिथे. वसाहतीचं नाव नोरग्येलिंग. हिमालयातली माणसं धानाच्या बांध्यांशेजारी राहतात, भर उन्हाळ्यातसुद्धा!

तिबेटी बौद्ध भिक्खू, म्हणजे लामा, एकत्र बसून मंत्र म्हणतात. पण मी सांगतोय तो दोन सुरांचा आवाज सगळ्याच मठांत ऐकू येत नाही. तो खास दोन मठांचा. एक ग्युतो, हा आता हिमाचल प्रदेशात धर्मशाळेजवळ आहे. दुसरा ग्युमे, तो कर्नाटकात हुणसूरला. दोन्ही मठ मुळात तिबेटमधले, पंधराव्या शतकात सुरू झालेले. तिथले लामा इतका खोल खर्ज लावतात की आपल्या बाबांचा सगळ्यात जाड आवाजही त्याच्यापुढे पातळ वाटावा. आणि त्या खर्जाच्या वर, जणू दुसऱ्याच कुणाचा तरी, एक स्वच्छ सूर तरंगत असतो.

१९६४ मध्ये ह्यूस्टन स्मिथ नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक ग्युतोच्या लामांकडे मुक्कामाला होते. मठ तेव्हा डलहौसीला होता. प्रार्थना चालू होती. स्मिथना वाटलं, सगळे मिळून वेगवेगळ्या सुरांत गातायत, म्हणून इतकं भरल्यासारखं वाटतंय. तेवढ्यात बाकीचे थांबले आणि एकटा लामा गात राहिला. तरी सूर तेवढेच! एकापेक्षा जास्त! स्मिथ होते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांना काही उलगडा होईना. पण त्यांनी एक शहाणपणा केला. तो आवाज टेपवर उतरवून घेतला आणि अमेरिकेत गेल्यावर आपल्याच विद्यापीठातल्या केनेथ स्टीव्हन्स या आवाजाच्या शास्त्रज्ञाला ऐकवला. स्टीव्हन्सनी टेप यंत्रावर तपासली, आणि १९६७ मध्ये त्यावर शोधनिबंधही निघाला. म्हणजे कानाला भास होत नव्हता. दुसरा सूर खरोखरच होता.

आता तो येतो कुठून, ते बघू.

समजा, एखाद्या माणसाने १०० हर्ट्झचा सूर लावला. म्हणजे त्याच्या गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला १०० वेळा उघडतायत आणि मिटतायत. आपण म्हणतो, एक सूर लावला. पण यंत्रावर बघितलं तर तिथे गर्दी दिसते: १००, २००, ३००, ४००, ५००, ६०० आणि पुढे आणखी कितीतरी. मूळ सुराची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी ही सगळी मंडळी त्याच्याबरोबरच निघतात. यांना अधिस्वर म्हणतात. मूळ सुराला पहिला धरून आपण त्यांना नंबर देऊ या.

गाणं शिकत असाल तर पुढचं जरा पेटीवर वाजवून बघा. १०० हा आपला ‘सा’ मानला, तर २०० म्हणजे वरच्या सप्तकातला ‘सा’. ३०० म्हणजे त्याच्या वरचा ‘प’. ४०० पुन्हा ‘सा’. आणि ५०० म्हणजे ‘ग’! ६०० परत ‘प’. सातशेचं जरा विचित्र आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ. ८०० ‘सा’, ९०० ‘रे’, १००० पुन्हा ‘ग’. तुम्ही फक्त ‘सा’ म्हणालात, तरी त्याच्या पोटात रे, ग, प बसलेलेच असतात. कुणी शिकवलं नाही, कुणी लावले नाहीत.

मग ते वेगवेगळे ऐकू का येत नाहीत? कारण आपला मेंदू त्या सगळ्यांची मोट बांधून ‘हा एक आवाज’ असं ठरवून टाकतो. बरंच आहे ते. नाहीतर आईने जेवायला हाक मारली की पंचवीस जणी हाक मारतायत असं वाटलं असतं.

आता या अधिस्वरांसाठीच थोडा वेळ नागपुरात थांबू. १९१० मध्ये सरकारी हिशेब खात्यातला एक तरुण अधिकारी रंगूनहून इथे बदलून आला. वय एकवीस-बावीस. नाव चंद्रशेखर वेंकट रामन. वर्ष पुरं व्हायच्या आतच त्यांची पुन्हा कलकत्त्याला बदली झाली, त्यामुळे नागपूरकरांना त्यांचा सहवास तसा थोडाच मिळाला. गांधीसागर तलावाजवळचं रामन विज्ञान केंद्र तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १९९२ पासूनचं ते केंद्र यांच्याच नावाचं. रामन म्हटलं की सगळ्यांना प्रकाशावरचं संशोधन आणि १९३० चं नोबेल आठवतं. पण त्याच्या आधी कितीतरी वर्षं हा माणूस वाद्यांच्या मागे लागला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते तो भाग नोबेलइतकाच मजेदार आहे.

गंमत म्हणजे त्याच १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल या मराठी माणसाचं बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागांवरचं, इंग्रजी पुस्तक आलं. कुठला सूर किती कंपनांचा, हे देवल मोजत होते. तेही सरकारी नोकरी केलेलेच, डेप्युटी कलेक्टर! त्या काळच्या सरकारी कचेऱ्यांत फायलींपेक्षा सुरांचा हिशेब जास्त चालायचा की काय, कोण जाणे.

तर रामन. १९२० मध्ये त्यांनी आपल्या तालवाद्यांवर लिहिलं आणि १९२१ मध्ये वीणा नि तंबोऱ्यावर. तंबोऱ्याने त्यांना चांगलंच चक्रावलं होतं. तारेबद्दल एक जुना नियम आहे. तार थरथरते तेव्हा प्रत्येक अधिस्वरासाठी तारेवर काही जागा अगदी स्थिर राहतात. दुसऱ्या अधिस्वरासाठी तारेचा बरोबर मध्य स्थिर असतो. आता तुम्ही नेमकं त्या स्थिर जागीच बोट लावून तार छेडली, तर तो अधिस्वर निघणारच नाही. म्हणजे तार मधोमध छेडली की दुसरा, चौथा, सहावा, सगळे सम नंबर गायब व्हायला हवेत. युरोपातल्या वाद्यांच्या तारा हा नियम बऱ्यापैकी पाळतात. रामननी तंबोऱ्याची तार छेडली तर जे गायब व्हायला हवेत तेही हजर! तेही चांगले ठणठणीत.

भानगड सगळी घोडीत आहे. घोडी म्हणजे भोपळ्यावरची ती छोटी पट्टी, जिच्यावरून तारा जातात. तंबोरा जवळून बघायला मिळाला तर डोळा अगदी घोडीच्या पातळीला आणून बघा. गिटारची तार एका धारदार कडेवर टेकलेली असते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मात्र रुंद असतो आणि किंचित उतरता घासलेला असतो. तार थरथरताना त्या माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि सुटते. आता तारेच्या खाली नीट पाहा. तिथे एक साधा सुती दोरा सरकवलेला दिसेल. वाजवणारा तो दोरा नखाने केसभर पुढे, केसभर मागे करत राहतो आणि मध्येच एका जागी मिटलेला आवाज एकदम खुलतो, झंकारू लागतो. याला म्हणतात जवारी निघाली. दोऱ्यामुळे आणि त्या उतरत्या माथ्यामुळे तारेची ताकद वरच्या अधिस्वरांकडे वळते. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या हे घासकाम कानाने करत आले आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि जवारी चांगली असली की खर्जाच्या तारेतून ‘ग’ ऐकू येतो. लक्षात घ्या, तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एकही गांधाराला लावलेली नसते. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. आपला आपण झालेला. तुम्ही त्याला ओळखताच. वरच्या यादीतला पाचवा नंबर तो हाच!

आता परत लामांकडे. ग्युतोच्या लामांच्या आवाजात जो वरचा सूर उठून येतो, तो मूळ खर्जाच्या दहापट कंपनांचा असतो. दहावा नंबर म्हणजे पाचव्याच्या दुप्पट, म्हणजे सूर तोच, फक्त एक सप्तक वर. गांधारच की हो! मिरजेतला कारागीर आणि तिबेटातला लामा यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं, तरी दोघेही त्याच ‘ग’पाशी जाऊन पोहोचले. ग्युमेचे लामा बाराव्याला उचलून धरतात. तो कुठला, ते तुम्हीच काढा. सहाव्याच्या दुप्पट.

पण गळ्यात ना घोडी, ना दोरा. मग एखादाच अधिस्वर वर कसा काढायचा? हे काम तोंडाचं. नागपुरात बर्डीच्या बाजारात दिवाळीच्या आधी गेलात, तर शंभर फेरीवाले एकदम ओरडत असतात आणि कुणाचंच काही कळत नाही. त्यातल्या एकाच्याच हातात भोंगा दिला तर? तोंडाची पोकळी तसा भोंगा देते. पोकळीचा आकार जसा असेल, तसा त्या मापाचा अधिस्वर तिच्यात घुमतो आणि मोठा होतो. बाकीचे तिथेच असतात, फक्त मागे पडतात.

हे काम तुम्ही रोज करता, बरं का. एकाच सुरात ‘आ’ म्हणा आणि मग ‘ई’ म्हणा. सूर बदलला नाही, जोर बदलला नाही, तरी अक्षर वेगळं ऐकू आलं. कसं? जीभ हलली, पोकळीचा आकार बदलला आणि भोंगा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेला. बाराखडीतले सगळे स्वर असेच तयार होतात.

मंगोलियाच्या वर, रशियात तुवा नावाचा प्रदेश आहे. तिथले गुराखी ही युक्ती शेवटच्या टोकाला नेतात. त्यांच्या या गाण्याला खूमेय म्हणतात. त्यातल्या सिगित नावाच्या प्रकारात तर खाली सलग गुणगुण आणि वर चक्क शिट्टीसारखी चाल ऐकू येते. त्या चालीत ते आठवा, नववा, दहावा, बारावा असे अधिस्वर निवडतात आणि सातवा-अकरावा सहसा टाळतात. म्हणजे सा, रे, ग, प. भूप राग शिकलेल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना? फक्त धैवत तेवढा कमी पडला. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तुवाच्या गायकांचे आवाज तपासले, एका गायकाचा तर गाताना एमआरआय काढला. तेव्हा दिसलं की एरवी तोंडात वेगवेगळ्या ठिकाणी घुमणाऱ्या दोन जागा हे गायक जिभेच्या हालचालीने एकमेकींजवळ आणून एकत्र करतात. दोन भोंगे एकालाच मिळाल्यावर तो किती ओरडेल!

आता तुमची पाळी. शक्यतो न्हाणीघरात जा, तिथे आवाज छान घुमतो. तुम्हाला सोयीचा, जरा खालचा सूर धरा आणि तोंड बारीक करून ‘ऊ’ म्हणा. सूर अजिबात न हलवता त्या ‘ऊ’ची हळूहळू ‘ई’ करा. हळूहळू म्हणजे गोगलगायीला कंटाळा येईल इतकं हळू. ओठ गोलच ठेवायचे, जीभ तेवढी आतल्या आत पुढे सरकू द्यायची. आवाजाच्या वर काहीतरी बारीक, पायऱ्या चढत गेल्यासारखं ऐकू येतं का बघा. नाही आलं तर जिभेचं टोक टाळूला लावा, ‘ळ’ म्हणताना लावतो तसं, आणि ते तिथेच ठेवून पुन्हा ‘ऊ’ ते ‘ई’ करा. परदेशात हे गाणं शिकवणारे ‘ल’ची जीभ धरायला सांगतात. आपल्याकडे टाळूच्या आणखी आत पोहोचणारा ‘ळ’ आहे, तोही करून बघायला काय हरकत आहे? एक कान हाताने झाकलात तर स्वतःचा आवाज जास्त स्पष्ट ऐकू येतो.

आणि तरीही नाही जमलं तर बाबांना किंवा आजोबांना पकडून आणा. चेष्टा नाही, यामागे गणित आहे. जीभ हलवून आपण ढोबळमानाने ७०० ते २३०० हर्ट्झ या टापूतले अधिस्वर उचलू शकतो. तुमचा सूर ३०० चा असेल, तर त्या टापूत ९००, १२००, १५००, १८०० आणि २१०० एवढेच पाच जण सापडतात. बाबांचा सूर १०० चा असेल तर ७००, ८००, ९०० करत सतरा! म्हणजे मोठ्यांच्या जाड आवाजात पायऱ्या जवळजवळ असतात, त्यामुळे चाल बांधता येते. मुलींनी मात्र हिरमुसू नये. तुवामध्ये तिवा किझी नावाचा फक्त मुलींचा संच १९९८ पासून हेच गातोय.

एक गोष्ट करू नका. लामांचा तो खर्ज काढायला जाऊ नका. तो नुसता खालचा सूर नसतो. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात, एरवी त्या गप्प असतात. लामा त्यांनाही थरथरवतात. खरे स्वरतंतू दोनदा हलले की या घड्या एकदा हलतात, म्हणून आवाज एक सप्तक खाली गेल्यासारखा ऐकू येतो. हे त्यांना गुरूसमोर बसून वर्षानुवर्षं शिकावं लागतं. आपण जोर लावून खाकरलो तर फक्त घसा बसेल. ‘ऊ’ ते ‘ई’ करतानाही घसा दुखला की थांबा आणि पाणी प्या.

आता थोडं औषधाबद्दल. लामांसाठी हा आवाज प्रार्थना आहे, मन एका जागी बसवण्याचा मार्ग आहे. तो मैफलीसाठी नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड हाइक्स या गायकाने अधिस्वर गाणाऱ्यांचा एक संच सुरू केला, आणि पुढे बऱ्याच देशांत हे गाणं ध्यान म्हणून शिकवू लागले. काही जण तर याने आजार बरे होतात, असंही सांगतात. अमुक सूर लावला की पोट बरं, तमुक लावला की डोकं बरं! असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. ताप आला तर डॉक्टरांकडेच जायचं.

पण शांत वाटतं, हे खरं आहे, आणि त्याची कारणं मोजलेली आहेत. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी काही लोकांना लॅटिन जपमाळ म्हणायला लावली आणि तिबेटी लोकांचा ‘ओम मणि पद्मे हूं’ हा मंत्रही. दोन्ही वेळा त्यांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी तो त्याच्या दुपटीहून जास्त वेळा चालतो. लांब सूर धरायचा तर श्वास हळूहळूच सोडावा लागतो, आणि श्वास संथ झाला की हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही त्याच्याशी ताल जुळवून घेतात. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांना आणखी एक मजेशीर गोष्ट सापडली. तोंड मिटून ‘म्म्म’ केलं की नाकातून बाहेर येणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचं प्रमाण शांतपणे श्वास सोडतानाच्या पंधरापट होतं. कंपनांमुळे कपाळात आणि गालांत असलेल्या हवेच्या पोकळ्यांमधली हवा भराभर नाकात येते, म्हणून. आजी सकाळी भ्रामरी करते ना, तेव्हा हेच चाललेलं असतं. तिला सांगून बघा, खूश होईल.

राहिला तो सातवा. ७०० वाला. त्याला पेटीवर शोधायला गेलात तर कोमल निषादाच्या आसपास येऊन अडाल. पेटीचा निषाद जरा चढा वाटेल आणि सातवा जरा उतरलेला. दोघांमधलं अंतर पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे कानाला सहज खुपण्याएवढं. पेटी जुळवणाऱ्याने पट्ट्या सारख्या अंतरावर बसवल्या, अधिस्वर मात्र पाढ्याप्रमाणे जातात, म्हणून हे भांडण. पाचव्याचंही पेटीच्या गांधाराशी असंच थोडं बिनसतं, पण सातव्याइतकं नाही.

तेव्हा न्हाणीघरात ‘ऊ’ची ‘ई’ करता करता चुकून सातव्यावर अडकलात आणि बाहेरून कुणी ओरडलं, ‘अरे, सूर नीट लाव!’, तर आतूनच सांगा, ‘सूर नीटच आहे, पेटी जुळवून आणा.’